परमिट परत आलं का?

गेल्या महिन्यात अकोट तालुक्यातल्या एका बहिणीचा आम्हाला फोन आला. नाव छापू नका म्हणाल्या, म्हणून छापत नाही. त्यांचा मुलगा इलेक्ट्रिशियन ट्रेडचा दोन वर्षांचा आयटीआय पास झाला आहे, अप्रेंटिसशिपही पूर्ण झाली आहे. वीज कंपनीची जाहिरात निघाली की अर्ज करायचा, या तयारीत तो बसला आहे. घरात मात्र दोन मतं आहेत. अब्बा म्हणतात, सरकारी मालकीच्या कंपनीत लागला तर पोराचं सोनं होईल. अम्मी आम्हाला म्हणाल्या, "भाऊ, माह्या मनाले भेव वाटते. आमच्या गावात एक जण खांबावर चिकटला होता, म्या डोळ्यानं पाह्यलं. आता तुम्हीच सांगा, पोराले पाठवू का नोको?"

या सदरात आम्ही दर महिन्याला एका कामाची ओळख करून देतो. शिंप्यापासून नर्सपर्यंत बरीच कामं झाली, पण विजेच्या उपकेंद्रावरचं काम राहून गेलं होतं. त्या बहिणीला घाईनं हो किंवा नाही सांगण्यापेक्षा आम्ही आमच्या मोहल्ल्यातल्या चाचांकडे गेलो. चाचांनी तीस वर्षांहून जास्त काळ उपकेंद्रांवर काढला. आधी ऑपरेटर, नंतर चाचणी विभागात रिले तपासणारे तंत्रज्ञ. आता निवृत्त आहेत. असरनंतर त्यांच्या अंगणात बसलो, चहा झाला, आणि आम्ही त्या अम्मींचा प्रश्न त्यांच्यापुढे ठेवला.

चाचा म्हणाले, "आधी त्यांना हे सांगा की वीज कंपनीतलं प्रत्येक काम खांबावरचं नसते."

ही गोष्ट आम्हालाही नीट ठाऊक नव्हती. पूर्वी सगळं एकाच छताखाली होतं. 1960 साली स्थापन झालेलं महाराष्ट्र राज्य विद्युत मंडळ, म्हणजे आपल्या तोंडातलं 'एमएसईबी'. 2003 चा वीज कायदा आला आणि त्यानुसार जून 2005 मध्ये मंडळाचे भाग पडले. वीज तयार करणारी महानिर्मिती, ती मोठ्या टॉवरवरून लांब नेणारी महापारेषण आणि घराघरांत पोचवणारी महावितरण. आपल्याच जिल्ह्यात पारसला महानिर्मितीचं केंद्र आहे, प्रत्येकी 250 मेगावॅटचे दोन संच. तिथली वीज मोठ्या दाबानं ग्रीडमध्ये जाते. मग टप्प्याटप्प्यानं दाब उतरवत 33 हजार व्होल्ट, त्यानंतर 11 हजार, आणि शेवटी गल्लीतल्या डीपीवरून आपल्या घरात 230 व्होल्ट. हे दाब उतरवण्याचं आणि वीज वेगवेगळ्या फीडरवर वाटून देण्याचं ठिकाण म्हणजे उपकेंद्र. जाळीच्या कुंपणामागे गिट्टी अंथरलेली असते, मोठे ट्रान्सफॉर्मर घूं घूं करत उभे असतात आणि बाजूला एक छोटी इमारत असते. ती गिट्टी शोभेची नाही. जमिनीत करंट उतरला तर पायातून अंगात जाऊ नये म्हणून ती अंथरतात.

छोट्या इमारतीत पॅनल असतात, आणि पॅनलवर रिले. चाचांचं आयुष्य या रिलेपुढे गेलं.

रिले म्हणजे काय, हे त्यांनी घरातल्या वस्तूवरून समजावलं. जुन्या मीटरमधली फिरणारी चकती आठवते? जुन्या रिलेमध्ये तशीच ॲल्युमिनियमची चकती असते. लाईनमधून जाणाऱ्या करंटचा छोटा नमुना सीटी नावाच्या उपकरणातून रिलेपर्यंत येतो. करंट ठरलेल्या मर्यादेत असेल तर चकती गप्प बसते. झाडाची फांदी तारांवर पडली, दोन तारा एकमेकींना लागल्या किंवा तार जमिनीला टेकली, की करंट एकदम वाढतो, चकती फिरते आणि संपर्क जुळताच ब्रेकरला हुकूम जातो, लाईन तोड. आता चकतीच्या जागी छोटा संगणक असलेले रिले आलेत, पण काम तेच आहे.

यात एक शहाणपणाची योजना आहे. बिघाड जितका मोठा, तितका रिले घाई करतो. एका प्रचलित प्रकारच्या रिलेचं गणित चाचांनी तोंडपाठ सांगितलं. त्याचा वेळेचा गुणक एकवर ठेवला आणि मर्यादेच्या दुप्पट करंट आला तर तो सुमारे 10 सेकंदांनी तोडतो, दहापट आला तर सुमारे 3 सेकंदांत. प्रत्यक्षात गुणक बराच कमी ठेवतात, त्यामुळे काम सेकंदाच्या भागात होतं. दुसरी गोष्ट म्हणजे पाळी. एका गावाच्या फीडरवर बिघाड झाला तर आधी त्याच फीडरचा रिले चालला पाहिजे. वरचा, साऱ्या उपकेंद्राचा रिले थोडा थांबतो, साधारण तीन-चार दशांश सेकंद. खालच्यानं काम केलं तर तो गप्प राहतो, नाही केलं तर तो तोडतो. ही पाळी चुकली तर एका गावच्या फांदीपायी वीस गावं अंधारात जातात. म्हणून रिलेचं सेटिंग अभियंते हिशेब करून ठरवतात. तंत्रज्ञाचं काम ते तपासायचं, स्वतःच्या मनानं बदलायचं नाही.

मोठ्या ट्रान्सफॉर्मरवर आणखी एक पहारेकरी असतो, बुकहोल्झ रिले. माक्स बुकहोल्झ या जर्मन माणसानं 1921 मध्ये शोधलेला, आणि आजही वापरात आहे. ट्रान्सफॉर्मरच्या तेलात आतल्या आत काही जळू लागलं की गॅस तयार होतो. हळूहळू गॅस साठला तर हा रिले घंटी वाजवतो, तेल जोरानं उसळलं तर सरळ लाईन तोडतो. आपल्या वऱ्हाडात मे महिन्यात पारा 45 च्या वर जातो, संध्याकाळी घराघरांत कूलर सुरू होतात, तेव्हा तेलाच्या तापमानाच्या काट्यावर ऑपरेटरची नजर खिळलेली असते.

आम्ही विचारलं, "लाईनच गेली तर रिलेला चालायला वीज कुठून मिळते?"

चाचा हसले. "हेच कोणी विचारत नाही. बॅटरीतून." उपकेंद्रात बॅटऱ्यांची एक स्वतंत्र खोली असते. सगळीकडे अंधार झाला तरी रिले आणि ब्रेकर त्या बॅटरीवर जागे राहतात. बॅटरी मेली तर रिलेला बिघाड दिसतो, पण ब्रेकर उघडता येत नाही, आणि मग ट्रान्सफॉर्मर जळेपर्यंत गोष्ट जाऊ शकते. म्हणून बॅटरीत डिस्टिल्ड वॉटर घालणं, तिचं माप वहीत लिहिणं हे काम कंटाळवाणं वाटलं तरी रोजच्या रोज करायचं असतं. चाचांच्या मते नव्या पोराची परीक्षा तिथेच होते. न मोजता कालचाच आकडा लिहिणारा पोरगा त्यांना कधी चालला नाही.

रिलेचा एक निर्णय किती दूर जाऊ शकतो, याचं उदाहरण आपल्याच देशात आहे. 30 जुलै 2012 च्या रात्री 2 वाजून 33 मिनिटांनी बीना-ग्वाल्हेर ही 400 केव्हीची लाईन रिलेनं तोडली. लाईनवर बिघाड नव्हता, भार फार वाढला होता, आणि रिलेला तो भार दूरच्या बिघाडासारखा दिसला. काही क्षणांत सारं उत्तर भारताचं ग्रीड कोसळलं. ते दिवस रमजानचे होते. दिल्ली-लखनौकडच्या घरांत बाया सेहरीसाठी उठायच्या बेतात असताना दिवे गेले. दुसऱ्या दिवशी, 31 जुलैला दुपारी, पुन्हा तसंच घडलं आणि उत्तर, पूर्व व ईशान्य अशी तीन ग्रीड बंद पडली. साठ कोटींहून जास्त लोक राहतात त्या भागात. आपलं पश्चिम ग्रीड वाचलं, म्हणून इथं कोणाला फारसं कळलं नाही. परदेशातही हे झालं आहे. 9 नोव्हेंबर 1965 ला नायगाराजवळच्या एका वीज केंद्रात रिलेची मर्यादा गरजेपेक्षा कमी ठेवलेली होती, आणि त्यातून अमेरिका-कॅनडातले सुमारे तीन कोटी लोक अंधारात गेले.

"तर भाई," चाचा म्हणाले, "रिले चुकला तर लाईट जाते. मानूस चुकला तर मानूस जातो."

आणि मग त्यांनी ती रात्र सांगितली. कुठल्या उपकेंद्रावरची, ते आम्ही विचारलं नाही आणि त्यांनीही सांगितलं नाही.

उन्हाळ्यातला रमजान होता. इफ्तार झाली आणि सातपुड्याकडून वावटळ आली. एक फीडर तुटला. पॅनलवर अर्थ फॉल्टची खूण पडली. लाईन कर्मचारी शोधायला निघाले, तर एका ठिकाणी लिंबाची मोठी फांदी तारांवर. दोघांनी परमिट घेतलं. परमिट म्हणजे लेखी परवाना. अमुक लाईन बंद केली आहे, तिला अर्थ लावला आहे, तुम्ही काम करू शकता, असं ऑपरेटर लिहून देतो. वेळ लिहिली जाते, सह्या होतात, स्विचवर 'माणसं काम करत आहेत' अशी पाटी लटकते. ज्यानं परमिट घेतलं, त्यानंच ते परत करायचं. तोवर ती लाईन चालू करायची नाही, मग फोन कोणाचाही येवो.

फोन सुरू झाले. तरावीहची वेळ होत आली होती, मशिदीत पंखे बंद. एका घरी म्हातारे दम्याचे, मशीन लावायचं होतं. एकानं शिव्या दिल्या. चाचांच्या सख्ख्या भावाचा फोन आला, "आपलीच मस्जिद आहे, पाच मिनिटं तरी चालू कर." चाचा म्हणाले, काम चालू आहे, होईल.

मग एक फोन आला. "फांदी काढली, काम झालं, लाईन चालू करा."

आवाज ओळखीचा होता, गावातलाच माणूस. खोटं बोलत नव्हता. त्यानं फांदी खाली पडताना पाहिली होती. चाचांनी विचारलं, परमिटवाला कुठे आहे? तो म्हणाला, असेल इथेच, गाडीजवळ. चाचांनी फोन ठेवला आणि स्विचला हात लावला नाही.

वीस मिनिटांनी परमिटवाला मोटारसायकलवर आला, घामानं ओला. फांदी काढल्यावर पुढच्या खांबावर एक जंपर सुटलेला दिसला, तो बांधायला दुसरा कर्मचारी वर चढला होता. गावातला माणूस फोन करत होता, तेव्हा तो तारेवर होता. सही झाली, दोन्ही माणसं खाली असल्याचं तोंडी पुन्हा विचारून झालं, अर्थ काढला, आणि मग लाईन चालू झाली. तोवर तरावीह संपत आली होती.

"भावानं चाँदरातपर्यंत माझ्याशी बोलणं टाकलं," चाचा म्हणाले. "मी पण कारण सांगितलं नाही. सांगून काय, त्यानं मानलं असतं असं नाही. आणि त्या पोराला, जो वर होता त्याला, आजही ठाऊक नाही की कोणी असा फोन केला होता. त्याचं लेकरू तेव्हा सहा महिन्यांचं होतं."

आम्ही थोडा वेळ काही बोललो नाही. अमानत हा शब्द आपण पैशांच्या बाबतीत फार वापरतो. कोणी आपल्या हातात आपला जीव ठेवून खांबावर चढतो, ही पण अमानतच आहे, हे आमच्या मनात कधी आलं नव्हतं.

आता त्या अम्मींच्या प्रश्नाचं उत्तर. बहिणी, धोका नाही असं आम्ही सांगणार नाही. विजेच्या कामात माणसं जातात, तुम्ही ते डोळ्यांनी पाहिलं आहे. पण चाचांच्या सांगण्यानुसार धोका बहुतेक वेळा तीन गोष्टींत असतो. परमिट न घेता हात लावणं, लाईन बंद आहे हे तपासून दोन्ही बाजूंनी अर्थ न लावणं, आणि वरच्याच्या किंवा गर्दीच्या घाईला बळी पडणं. रिले तपासणाऱ्याचे आणखी काही नियम आहेत. चालू सीटीची तार कधी मोकळी सोडायची नाही, कारण मोकळ्या टोकाला जीवघेणा दाब तयार होतो. हातात अंगठी, घड्याळ ठेवायचं नाही. एकट्यानं काम करायचं नाही. तुमच्या मुलाला 'नाही' म्हणता येतं का, हे तुम्ही त्याला ओळखता म्हणून तुम्हालाच ठाऊक. साहेबालाही अदबीनं 'नाही' म्हणू शकणारा पोरगा या कामाला योग्य.

नोकरीची वाट अशी. महावितरणमध्ये आयटीआय झालेल्या इलेक्ट्रिशियन आणि वायरमनसाठी विद्युत सहाय्यक आणि उपकेंद्र सहाय्यक ही पदं असतात. 2019 मध्ये उपकेंद्र सहाय्यकांच्या 2000 जागांची जाहिरात निघाली होती. सुरुवातीचा काळ ठरलेल्या मानधनावर असतो, नंतर तंत्रज्ञ म्हणून पुढे जाता येतं. वय, फी आणि आरक्षणाच्या अटी जाहिरातीत वाचा, कोणाच्या ऐकीव गोष्टीवर जाऊ नका. अर्ज ऑनलाइन होतो. जागा लावून देतो म्हणून पैसे मागणारा माणूस दारात आला तर त्याला चहाही पाजू नका. कंत्राटदारामार्फत काम मिळत असेल तर आधी तीन गोष्टी विचारा. पीएफ आणि ईएसआयसी कापतात का, विमा आहे का, हातमोजे, हेल्मेट, सेफ्टी बेल्ट मिळतात का. तिसऱ्याचं उत्तर 'नंतर पाहू' असं आलं तर पोराला घरी आणा.

ड्युटी पाळीची असते, आठ-आठ तासांची. रात्रीचं जागरण आहे, सणाला सुट्टी मिळेलच असं नाही. चाचांनी यावर तोड काढली होती. दिवाळीत ते ड्युटी घ्यायचे आणि ईदला त्यांचे जोडीदार त्यांची ड्युटी घ्यायचे. कोणी लेखी ठरवलं नव्हतं, वर्षानुवर्षं चाललं. निवृत्तीनंतरही दिवाळीचा फराळ त्यांच्या घरी येतो आणि शीरखुर्म्याचा डबा तिकडे जातो.

शेवटी आपणा सर्वांसाठी चार गोष्टी. नोकरीला कोणी जावो न जावो, या घरोघरी लागतात.

शेतात तार पडलेली दिसली तर ती मेली आहे असं समजू नका. कोरड्या जमिनीवर किंवा दगडावर पडलेल्या तारेतून कधी कधी इतका कमी करंट जातो की रिलेला ती दिसतच नाही. लाईन चालूच राहते. पेरणीच्या दिवसांत आणि वादळानंतर लेकरांना, गुरांना दूर ठेवा आणि 1912 वर फोन करा. फार जवळ उभे असाल तर मोठी ढांग टाकू नका. पाय जवळ जवळ ठेवून, सरपटत, मागे या.

घरी किंवा दुकानात जनरेटर असेल तर तो चेंजओव्हर स्विचशिवाय जोडू नका. बाहेरची लाईन बंद असताना तुमच्या जनरेटरची वीज उलटी डीपीत जाते आणि तिथे चढून 11 हजार व्होल्ट होते. उपकेंद्रानं लाईन बंद केली, परमिट दिलं, सगळं नियमानं झालं, आणि तरी वर चढलेला माणूस आपल्या घरातून गेलेल्या विजेनं मरू शकतो. जोडणी कशी आहे ते याच आठवड्यात जाणकाराकडून पाहून घ्या.

आकडा टाकू नका. चोरी तर ती आहेच, पण मोकळ्या आकड्यानं किती घरांची लेकरं गेली, ते आपल्या तालुक्यात कोणालाही विचारा.

आणि लाईट गेली तर तक्रार जरूर करा, तो आपला हक्क आहे. फक्त ओळखीनं 'चालू करून टाक' असं कोणाला म्हणू नका. पलीकडे कोण कुठल्या खांबावर आहे, ते आपल्याला अंधारात दिसत नसतं.

हे सगळं आम्ही त्या बहिणीला फोनवर सांगितलं. त्यांनी मध्ये एकदाही थांबवलं नाही. आम्हाला वाटलं फोन कटला की काय. मग त्या म्हणाल्या, "भरू देतो फारम. पन एक सांगा भाऊ, दिवाळीले ड्युटी केली तं ईदले घरी येईन ना पोरगं?"

आम्ही म्हणालो, ते जोडीदारावर आहे. इन्शाअल्लाह, चांगला मिळेल.